गिऱ्हाईक वाकडं नसतं

"हलू नका वन्सं," तोंडात टाचण्या धरून जेवढं बोलता येतं तेवढं चौकशी बोलली.

"मी हलत नाहीये. तुझी पट्टी हलतेय."

वन्सं दुकानाच्या मधोमध उभ्या होत्या, एक हात कापायच्या टेबलावर टेकून. चौकशी त्यांच्या पायाशी बसली होती. लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरायची, नव्या लोकरी कोटाची खालची कड जमिनीपासून किती उंच येते ते खडूने टिपायचं, की गुडघ्यांवरच पुढे सरकायचं, अशी ती वन्संना प्रदक्षिणा घालत होती. समोर बारा इंच. उजवीकडे बारा. मागे बारा. डावीकडे मात्र सव्वाअकरा. तिने पुन्हा मोजलं. सव्वाअकराच.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वन्संनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी चौकशीच्या लाइनवर. त्यांच्या भावाची नवी नवरी घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे का, मागचं दार उघडताना कुरकुरतं आणि लावताना का नाही, आणि सासूबाई चष्मा कपाळावर असताना तो शोधतात कशाला, हे सगळं विचारून घेतलं. तेव्हा वन्सं म्हणाल्या होत्या की एवढी चौकशी अख्ख्या शहरातून दिवसभरात येत नाही. तेव्हापासून ती चौकशी. सासूसासरे गेले, आठ वर्षांपूर्वी नवराही गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता ती एकोणसाठ वर्षांची होती आणि बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. कमरेत सैल करणं, चेन बदलणं, उसवलेली अस्तरं लावणं हे रोजचं काम. नवे कपडे ती दोनचार जुन्या माणसांचेच शिवायची, आणि वन्सं त्यांतल्या पहिल्या.

टाचण्या तोंडातून काढून तिने विचारलं, दुखतंय का कुठे. आज उभं राहायच्या ठोकळ्यावर चढला नाहीत, जमिनीवरूनच माप घे म्हणालात.

वन्सं म्हणाल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दुखत नाही ते कुठे, असं विचार. मग जरा वेळाने हकीकत बाहेर आली. तीन आठवड्यांपूर्वी खिडकी लावून त्या मागे वळल्या आणि खुर्चीचा अंदाज चुकला. पडल्या नाहीत. "पडले" या शब्दाला त्यांनी साफ हरकत घेतली. खुर्चीत बसायच्या त्या जमिनीवर बसल्या, एवढंच. उठल्या, चहा केला, प्यायल्या. दुसऱ्या दिवशी जांघेत आणि पाठीमागे खाली दुखायला लागलं. धाकटे भाऊजी त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले, खुब्याचा एक्स-रे झाला आणि डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून सांगितलं की हाड शाबूत आहे, घाबरायचं कारण नाही, मुका मार आहे, चालत राहा. शाबूत हा शब्द वन्संना फार आवडला होता. त्यांनी तो दोनदा सांगितला. आणि चालत राहा म्हटल्यावर त्या अक्षरशः चालत राहिल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोल्यांना बेचाळीस पायऱ्या. त्या रोज दोनदा उतरून दोनदा चढत होत्या, व्यायाम म्हणून.

चौकशीने मान डोलावली आणि डाव्या बाजूला पाऊण इंच जास्त दुमड घातली. झाली कड सरळ.

याला कारण होतं. तिला काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात कात्रीसुद्धा दिली नव्हती, आधी एक वाक्य दिलं होतं. गिऱ्हाईक वाकडं नसतं, वाकडं असतं ते कापड. एका खांद्याला उतार असेल तर त्या बाजूला पातळ गादी घालायची. पाठीला पोक असेल तर मागचा भाग थोडा लांब कापायचा. पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. माणूस आरशापुढे उभा राहिला की सरळ दिसला पाहिजे आणि का सरळ दिसतो ते त्याला कळता कामा नये. साऱ्या जगाला प्रश्न विचारणारी चौकशी या एका बाबतीत चाळीस वर्षं मूग गिळून बसत आली होती, आणि त्याचा तिला अभिमानच होता.

आठ दिवसांनी ती तयार कोट घेऊन वन्संकडे गेली. वन्संनी तो चढवला आणि चौकशीच्या डोळ्यांना लगेच दिसलं. कोट पुन्हा डावीकडे उतरला होता. अर्धा इंच तरी.

आता मात्र तिला चैन पडेना. कोट परत घेऊन ती दुकानात आली आणि कामाला लागली. पहिला संशय कापडावर. लोकर लटकून ताणली जाते, खरं आहे, पण मग ती सगळीकडे ताणली जाईल, एकाच बाजूने कशी. तिने कोट लाकडी पुतळ्यावर चढवून पट्टी लावली. डावीकडची जास्तीची दुमड पुतळ्यावर बरोबर तेवढीच वर दिसली, एक सूतही इकडेतिकडे नाही. म्हणजे कापड निर्दोष. मग संशय जमिनीवर. दुकानाची फरशी उतरती असेल म्हणून तिने एक काचेची गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. मग स्वतःच्या डोळ्यांवर. शेजारच्या चावीवाल्याला बोलावून तिने त्याला पट्टी वाचायला लावली. त्याने वाचली आणि विचारलं, मावशी, कोटाला कुलूप बसवायचंय का. तिने त्याला हाकलून दिलं.

कापड नाही, जमीन नाही, डोळे नाहीत. मग उरलं काय, हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमला असता. पण मास्तरांचं वाक्य मध्ये आडवं पडलेलं होतं. माणसाकडे बोट दाखवायची तिच्या बोटांना सवयच नव्हती.

शेवटी तिने खालचा खण ओढला. तिथे मापांच्या वह्या होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, पान भरलं की नव्या वहीत दुसरं. वन्संची तिच्याकडे चार पानं निघाली. ती टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवून तिने पहिल्यांदाच ती एका दमात वाचली. आजवर ती फक्त शेवटचं माप पाहायची, कारण कापायला तेवढंच लागतं.

मानेपासून कमरेपर्यंत पाठ, चौदा वर्षांपूर्वी, सोळा इंच. मग पावणेसोळा. मग सव्वापंधरा. मग पंधरा. या वेळेला साडेचौदा. कोटाची पूर्ण लांबी चव्वेचाळीसवरून साडेएकेचाळीस, आणि कड मात्र तीच, जमिनीपासून बारा इंच, कारण वन्संना ती तिथेच लागते. शेजारी तिच्याच अक्षरात बारीक खुणा होत्या. मागे पाव इंच सोडणे. गळा पुढे घेणे. मागे आणखी सोडणे. प्रत्येक कोट बेतशीर बसला होता. लोक वन्संना म्हणायचे, या वयातही काय ताठ चालता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ती गोट्या घरंगळवत बसली होती आणि तिच्याच खणात एक बाई चौदा वर्षं इंचाइंचाने खाली येत होती. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पाठोपाठ तिचा जुना प्रश्न उभा राहिला: का?

ती तशीच वन्संकडे गेली. कोट दाखवायचं निमित्त होतंच. दार भाऊजींनी उघडलं. हे वन्संचे सर्वांत धाकटे भाऊ, पंचावन्न वर्षांचे, विमा कंपनीत साहेब, माणूस वाईट नाही पण प्रत्येक गोष्टीचा निकाल लावून मोकळा होणारा. त्यांच्या हातात एक कागद होता. वन्सं पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि खिडकीबाहेर पाहत होत्या.

गेल्या चार दिवसांत वन्संना जिना उतरता आला नव्हता, असं कळलं. न्हाणीघरापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागत होती. भाऊजींनी एका चांगल्या वृद्धाश्रमात विचारणा केली होती, तळमजल्यावरची खोली रिकामी होती, महिनाअखेरपर्यंत ते ती धरून ठेवणार होते. या खोल्या मालकाला परत द्यायच्या. भाऊजींनी हे सगळं समजुतीच्या आवाजात सांगितलं. एक्स-रेमध्ये काही नाही, म्हणजे इलाज करण्यासारखं काही नाही, म्हणजे वय झालं. वयाला कोण काय करणार.

वन्संनी त्या खोल्या एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारावर घेतल्या होत्या. लग्न केलं नाही, भावांच्या घरात पाहुण्यासारख्या गेल्या आणि पाहुण्यासारख्या परत आल्या. सत्तेचाळीस वर्षं त्या दाराची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती. त्या आत्ता भांडत नव्हत्या, हेच चौकशीला सगळ्यात भयंकर वाटलं. नणंदबाई भांडत नाहीत म्हणजे सूर्य पश्चिमेला.

तिने भाऊजींना चहा करायला स्वयंपाकघरात पाठवलं आणि वन्संना कूस बदलून दाखवायला सांगितलं. वन्संनी आधी दोन्ही हातांनी झग्याची मांडीवरची चुण धरली आणि डावा पाय सामान उचलावं तसा उचलून बाजूला ठेवला. मग श्वास रोखून उरलेलं अंग वळवलं. चौकशीने विचारलं, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. वन्संनी पाठीमागे खाली, दोन्ही खुब्यांच्या मध्ये डावीकडे बोट ठेवलं, मग पुढे जांघेत. काल कुठे दुखत होतं? तिथेच. परवा? तिथेच. सकाळी, संध्याकाळी? अगं बाई तिथेच, दुसरीकडे जायला त्याला जिना उतरावा लागेल.

वात फिरतो, मुका मार हळूहळू ओसरतो. हे मात्र जागेवर बसून होतं आणि वाढत होतं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे आलंच होतं मुंगीच्या पावलांनी, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

चहाचे कप घेऊन भाऊजी बाहेर आले तेव्हा चौकशीने सांगून टाकलं की उद्या ती वन्संना मोठ्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार. भाऊजी म्हणाले, एक्स-रे झालाय ना वहिनी, शाबूत आहे हाड, उगाच त्यांना का ओढायचं. ती म्हणाली, शाबूत आहे तर मग माणूस वाकलं कसं, एवढंच मला विचारायचं आहे. नुसतं विचारायचं आहे. भाऊजींना तिच्या विचारण्याचा पस्तीस वर्षांचा अनुभव होता. खुर्चीवर बसवून खाली उतरवायला दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले.

इस्पितळात जायचं म्हणून वन्संनी नवा कोटच घातला. केस नीट केले, मानेला रुमाल बांधला. डॉक्टरांच्या खोलीत त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि बसा म्हटल्यावर नको म्हणाल्या, बसण्यापेक्षा उभं राहणं सोपं पडत होतं. हाडांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बाहेर बाकांवर वीसेक माणसं होती. त्यांनी जुना एक्स-रे पाहिला, समोरच्या नीटनेटक्या, ताठ बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की खुब्यात खरंच काही दिसत नाही, वेदनाशामक गोळ्या देते, आणखी दोन आठवडे बघू. त्यांचं पेन कागदावर टेकलंसुद्धा.

चौकशीने वन्संकडे पाहिलं. तिने स्वतः रात्रभर बसून डावीकडची दुमड आणखी अर्धा इंच वाढवली होती. कड चहूबाजूंनी बारा इंच होती. पाठीत सोडलेलं कापड पोक गिळून बसलं होतं. त्या कोटात उभी असलेली बाई कुणालाही शाबूत वाटली असती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तशीच वाटली असणार, तेव्हाचा जुना कोटही तिच्याच हातचा होता.

"वन्सं, कोट काढा," ती म्हणाली.

वन्सं म्हणाल्या, आत घरातला पातळ झगा आहे, चारचौघांत काय काढायचं. चौकशी म्हणाली, चारचौघं नाहीत, डॉक्टर आहेत. वन्संनी मान फिरवली. तो स्वर चौकशीच्या ओळखीचा होता. आयुष्यभर त्या स्वरापुढे अख्खं घर गप्प बसलेलं होतं, तीसुद्धा.

"तुम्ही वाकड्या उभ्या आहात," ती म्हणाली. "डावीकडे सव्वा इंच. आणि पाठ दीड इंच आखडलीय. हे मी झाकलंय. कोट काढला नाहीत तर यांना दिसणार नाही, आणि महिनाअखेरीला खोल्या जातील."

वन्संचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी एकेक बटण काढायला सुरुवात केली. चौकशीने मागून कोट उतरवून घेतला आणि हातावर घेतला. पातळ झग्यात वन्सं एकदम छोट्या दिसल्या. डावी बाजू खचलेली होती, उजवा खुबा बाहेर आला होता, पाठीचा वरचा भाग पुढे झुकला होता. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या उठून टेबलाच्या या बाजूला आल्या.

मग चौकशीने पिशवीतून आणलेल्या मापांच्या वह्या उघडल्या. डॉक्टरबाईंनी चारही पानं पाहिली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. त्यांचा घाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. बाहेरची वीस माणसं त्या क्षणभर विसरल्या असाव्यात.

"यांची उंची तुम्ही चौदा वर्षं मोजलीत?"

"उंची नाही हो. कोट मोजले."

डॉक्टरबाई म्हणाल्या की वजन सगळे करतात, म्हाताऱ्या माणसाची उंची कोणी मोजत नाही. पाठ अशी आखडते तेव्हा बहुतेकदा मणके एकेक करून दबत असतात. हाडं आतून विरळ होत जातात, दुखेलच असं नाही, म्हणून कळत नाही. त्यांनी वन्संना कोचावर निजवलं, दोन्ही बाजूंनी खुबे आत दाबले, मग कुशीवर वळवून पाठीमागे खाली, बरोबर मघाच्या जागेवर अंगठा टेकवला. वन्संनी चौकशीचं मनगट धरलं आणि बोटांचे वळ उठेपर्यंत सोडलं नाही.

त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. पाठीच्या कण्याच्या खाली, दोन्ही खुब्यांच्या मध्ये एक तिकोनी हाड असतं, त्याला डावीकडे लांब चीर होती आणि उजवीकडे नवी, बारीक. पुढच्या बाजूला जांघेजवळच्या हाडालाही एक. भाऊजी, जे ऑफिसातून तडक आले होते, त्यांनी विचारलं की मग एक्स-रेमध्ये कसं दिसलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, साध्या एक्स-रेत या हाडावर आतड्यांची सावली पडते, आणि हाडच विरळ असलं की चीर वेगळी उठून दिसत नाही. म्हातारपणी यासाठी मोठं पडावं लागत नाही, जोरात बसणंही पुरतं. सगळे खुब्याकडे बघतात, खुबा ठीक निघाला की माणसाला घरी पाठवतात. मग तो चालत राहतो आणि चीर वाढत राहते.

"आणि जिने चढत राहतो," वन्सं पलंगावरून म्हणाल्या.

भाऊजींनी बाहेर जाऊन वृद्धाश्रमाला फोन केला. महिनाअखेरची मुदत त्यांनी चार महिन्यांवर नेली, त्याहून पुढे नाही. चार महिन्यांत जिना चढता आला तर राहा, नाही तर सोडू, असं ठरलं. वन्संनी हे मुकाट्याने मान्य केलं.

ते गेल्यावर चौकशी पलंगाशेजारी बसली. कोट अजून तिच्या मांडीवर होता. तिला बरंच काही बोलायचं होतं, पण ज्या बाईला प्रश्नांचा कधी तुटवडा पडला नाही तिला साधी माफी मागायला शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली की दरवेळी ती थोडं थोडं कापड सोडत गेली, एकदाही बोलली नाही, आणि बोलली असती तर कदाचित...

"मला काय आंधळी समजतेस?" वन्सं म्हणाल्या. "मला माहीत होतं तू काय करतेस ते. जुने कोट कपाटात आहेत माझ्या. नव्याशेजारी धरून बघितलेत मी."

"मग बोलला का नाहीत?"

"आरशात बरी दिसत होते म्हणून." वन्संनी पांघरूण वर ओढलं. "आयुष्यभर सांगत आले, मोडेन पण वाकणार नाही. आता दोन्ही झालं." त्यांना हसू आलं आणि हसल्यामुळे दुखलं. मग त्या गंभीर झाल्या. "तू जगाला प्रश्न विचारतेस. त्या चावीवाल्याची सासू कुठल्या गावची तेही तुला ठाऊक. मला मात्र कधी विचारलं नाहीस, वन्सं, तुम्ही लहान का होताय म्हणून. तेवढंच मला लागलं."

चौकशी रडली. वन्संनी तिला रडू दिलं आणि नाक पुसायला मानेचा रुमाल दिला.

पाठीत दोन छोट्या चिरा घेऊन दोन लांब स्क्रू घातले गेले. हाडांसाठी इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या, दूध, उन्हात बसणं. पहिले दोन महिने वन्सं चौकशीच्या घरी होत्या, चार पायांच्या काठीने पलंग ते दार, दार ते पलंग. पुढचे दोन महिने दिवसभर दुकानात. दुकानाला रस्त्यावरून दोन पायऱ्या होत्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वन्सं त्या दोन पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, आणि चावीवाला मोठ्याने मोजायचा. एकवीसदा झालं की बेचाळीस. पहिल्या आठवड्यात तो तीनपर्यंत मोजत होता. डावी बाजू पुरती वर आली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर कळलं असतं तर कदाचित आली असती. चौकशीने हे ऐकून घेतलं आणि वहीच्या नव्या पानावर त्या दिवशीची तारीख घालून वन्संची उंची लिहिली. नंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ती दाराच्या चौकटीशी उभं करायला लागली. दोघी जणी रागावून दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या. एक मात्र आठवड्याने डॉक्टरांचा कागद घेऊन दाखवायला आली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी दोघी वन्संच्या इमारतीच्या जिन्याशी उभ्या राहिल्या. भाऊजींना महत्त्वाची बैठक होती, त्यांनी सांगितलं होतं, जे काय होईल ते फोन करून कळवा. आणि चौकशीला बाजूला घेऊन दोन गोष्टी बजावल्या होत्या. वर पोचल्याच तर दुसरी किल्ली वहिनी तुमच्याकडे ठेवा, आणि त्यांना सांगा, आतून कडी लावायची नाही. पुन्हा पडल्या तर दार फोडत बसणार का. चौकशीने कबूल केलं होतं. वन्संनीही ऐकलं होतं आणि हो म्हटलं होतं.

उजवा पाय वर, मग डावा त्याच्या शेजारी. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. चौकशी एक पायरी मागे, दोन्ही हातांत पिशव्या आणि एकही हात मोकळा नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बाराव्या पायरीवर वन्सं थांबल्या. विसाव्या पायरीवर पहिल्या मजल्याची बाई दार उघडून खुर्ची घेऊन आली, वन्सं पाच मिनिटं बसल्या आणि तिच्या मुलाच्या परीक्षेची विचारपूस केली. एकतिसाव्या पायरीवर त्यांचा रंग उडाला आणि चौकशी म्हणाली, वन्सं, उद्याचा दिवस आहे अजून. बोलण्यात खर्च करायला वन्संकडे दम नव्हता. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, घाम टिपला, आणि उजवा पाय वर ठेवला.

वर पोचायला सदतीस मिनिटं लागली. वन्संनी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि दारात वळून चौकशीच्या हातातल्या पिशव्या एकेक करून आत घेतल्या. चौकशीचा एक पाय उंबऱ्यावर होता.

"तू ये आता," वन्सं म्हणाल्या. "दुकान उघडायचंय तुला."

त्या आवाजात राग नव्हता. दार हळूच लागलं. चौकशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. जावं की थांबावं ते तिला कळेना, म्हणून तिने दाराला कान लावला, आणि याबद्दल तिला जराही वाईट वाटलं नाही. आत काठी टेकत टेकत लांब गेली. खिडकी उघडल्याचा आवाज झाला. बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकली, फोनचा रिसीव्हर उचलल्याचं कळलं, आणि एक्स्चेंजमधल्या त्या जुन्या, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं काढणाऱ्या आवाजात वन्सं बोलल्या.

"हॅलो. हो, मीच. घरून बोलतेय."

पलीकडे भाऊजी काहीतरी विचारत असावेत. वन्सं दोनदा हो म्हणाल्या, एकदा नाही म्हणाल्या, आणि फोन ठेवला. काठीचा आवाज आता दाराकडे यायला लागला. चौकशी दोन पावलं मागे सरली आणि उघडेल या भरवशावर पदर, केस नीट करून उभी राहिली. आवाज दाराशी येऊन थांबला.

आतून कडी लागली.

चौकशीच्या मुठीत दुसरी किल्ली होती. ती तिने पर्समध्ये टाकली आणि आवाज होऊ न देता जिना उतरायला लागली.